शिमानो एचजी७१ चेन: जुन्या रोड सायकलची चेन सटकत असेल तर ही टाकावी का?

जुन्या रोड सायकलची चेन जोर दिल्यावर सटकायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: चेन बदलून टाका. सहा, सात किंवा आठ गिअरच्या सायकलसाठी मग हातात येते ती शिमानोची सीएन-एचजी७१. चेन म्हणून ती उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण मागचे दाते झिजलेले असताना ती टाकली तर सटकणं थांबत नाही, उलट वाढतं. काल फक्त चढावर सटकणारी सायकल आज सपाट रस्त्यावरही सटकायला लागते. मग दोष नव्या चेनवर येतो, 'ड्युप्लिकेट दिली' म्हणून दुकानदाराशी वाद होतो आणि चांगली चेन उगाच काढून ठेवली जाते. त्यामुळे हे परीक्षण चेनचं असलं तरी त्यातला बराचसा भाग ती घेण्याआधी काय तपासायचं याबद्दल आहे.

आधी वस्तू. खोक्यात साधारणपणे ११६ कड्या आणि जोडण्यासाठी एक काळी पिन असते. आतली रुंदी ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिमी, आणि पिनेची लांबी ७.१ मिमीच्या आसपास. हे माप महत्त्वाचं आहे. रोजच्या काळ्या रोडस्टर सायकलची चेन आतून १/८ इंच, म्हणजे जवळपास ३.२ मिमी रुंद असते. गिअरच्या सायकलवर ती चढवली तर मागच्या चाकावरच्या शेजारच्या दातेरी चकतीला घासते, आणि तिच्या 'चेन लॉक'ची क्लिप डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेत) किंवा चकत्यांमध्ये अडकते. उलट बाजूने नऊ स्पीडची चेन बाहेरून ६.६ मिमीच्या आसपास अरुंद असते. जुन्या पाच-सहा चकत्यांच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे चाकाच्या मध्यावर, हबवर, स्क्रूने बसणाऱ्या गठ्ठ्यावर, चकत्यांमधलं अंतर जास्त असतं, सहा स्पीडला मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ५.५ मिमी. अशा ठिकाणी अरुंद चेन दोन चकत्यांच्या मध्ये तरंगत राहते आणि गिअर लागल्यासारखा वाटून घसरतो. एचजी७१ पाच, सहा, सात आणि आठ स्पीड या सगळ्यांवर नीट चालते, जरी खोक्यावर फक्त ६/७/८ लिहिलेलं असलं तरी.

बाहेरच्या पट्ट्यांवर झिंकचा राखाडी मुलामा आहे, आतल्या पट्ट्यांवर नाही. याच मापाची स्वस्त बहीण म्हणजे एचजी४०, तिला हा मुलामा नसतो. कोरड्या हवेत दोघींमधला फरक फारसा कळत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात सायकल चालणार असेल तर वरचे पैसे एचजी७१ साठी जरूर द्यावेत.

आता मूळ प्रश्न. चेन सटकते म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी कानांनी आणि पायांनी ओळखायचं. कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाची लय वेगळी असते.

सटकणं सगळ्या गिअरमध्ये होत असेल आणि ठरावीक अंतराने होत असेल, तर बहुधा एखादी कडी आखडलेली आहे. चेनमध्ये १०८ कड्या आणि पुढे, पेडलजवळ, ४२ दाती चेनव्हील असेल तर चेनचा एक फेरा पूर्ण व्हायला पेडलचे अडीचहून किंचित जास्त फेरे लागतात. ५२ दातीवर दोनहून किंचित जास्त. पेडलचे फेरे मोजत चालवा. झटका जर याच हिशेबाने येत असेल तर निदान पक्कं. मग सायकल उभी करून पेडल सावकाश उलटं फिरवा आणि नजर डिरेलरच्या खालच्या छोट्या चकतीवर ठेवा. चांगली कडी चकतीभोवती वळून सरळ होते. आखडलेली कडी वळलेलीच राहते, डिरेलरचा पिंजरा क्षणभर पुढे उडतो आणि परत येतो. ती कडी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, हलकीच वाकवायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं ती मोकळी होते. नाहीच झाली तर चेन कटरच्या वरच्या खोबणीत ती कडी ठेवून पिनेला पाव वळसा. यात एकही नवा भाग लागत नाही, आणि नेमक्या याच दोषासाठी सर्वात जास्त चेन विनाकारण बदलल्या जातात.

झटका पेडलच्या दर फेऱ्याला एकदाच आणि पेडलच्या त्याच जागी येत असेल तर पुढचं चेनव्हील बघा. वाकलेला दाता, चेनव्हीलचे ढिले बोल्ट, कधी ढिला क्रँक. पुढे एकावेळी पुष्कळ दात्यांना चेन धरलेली असते, म्हणून चेनव्हील झिजून सटकणं त्यामानाने कमी. झिजलेल्या चेनव्हीलची खूण वेगळी असते: चेन खालच्या बाजूने सुटत नाही, दात्यांना चिकटून वर ओढली जाते.

सटकणं एका किंवा दोनच गिअरमध्ये, आणि तेही जोर दिल्यावर होत असेल तर मागच्या त्या चकत्या झिजल्या आहेत. सगळ्यात जास्त वापरातल्या, साधारण १४ ते १७ दातांच्या मधल्या चकत्यांवर हे आधी होतं. मोठी २४ किंवा २८ दाती चकती कधीकधी नव्यासारखी असते आणि १५ दाती मात्र संपलेली असते. लहान चकतीवर भार घ्यायला दाते कमी असतात: १४ दातीभोवती अर्धा वेढा म्हणजे सातच दाते.

गिअर आपोआप वर किंवा खाली जातो, सतत टकटक आवाज येतो, पण पेडल रिकामं जात नाही, तर तो वायरचा किंवा डिरेलरचा दोष आहे. त्याबद्दल पुढे.

आणि पाचवी शक्यता, जी बहुतेकांना सुचतच नाही: चेन दात्यांवर नीट बसलेली असताना पेडल अचानक पुढे सुटतं, मोठा 'धप्' होतो. हे चेनचं काम नाही. फ्रीव्हीलच्या आतले पंजे, ज्यांना मिस्त्री 'कुत्रे' म्हणतात, ते धरत नाहीत. आत घट्ट झालेलं जुनं ग्रीस, पाण्याने आलेला गंज किंवा मोडलेली स्प्रिंग. तपासायची पद्धत सोपी: एकाने सायकल धरून मागचा ब्रेक पूर्ण आवळायचा, दुसऱ्याने पुढचं पेडल आडवं करून त्यावर हळूहळू वजन टाकायचं. चाक जागेवर, चेन दात्यांत आणि चकत्या मात्र पुढे फिरल्या, तर कुत्रे गेले. बोटं चेनपासून लांब ठेवा.

सातत्याने झटका चाकाच्या फेऱ्याबरोबर येत असेल आणि ब्रेकही एका बाजूला घासत असेल तर मागचा ॲक्सल तपासा. स्क्रूच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग आत, फ्रीव्हीलच्या मागे राहतं आणि ॲक्सलचा बराच भाग निराधार असतो. असे ॲक्सल वाकतात, कधी मधून तुटतातही, आणि क्विक रिलीजने (चाक आवळणाऱ्या खटक्याच्या दांडीने) दाबून धरलेले असल्यामुळे चाक लगेच निखळत नाही. चकत्यांचा गठ्ठा डोलतो आणि चेन सटकल्यासारखी वाटते.

आता मोजमाप. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवतीची आतल्या पट्टीची कड झिजते. नवी कडी १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. अर्धा टक्का झीज म्हणजे सांध्याला जेमतेम ०.०६ मिमी, डोळ्याला न दिसणारी. पण १०८ सांधे एकापाठोपाठ आल्यावर ती साठते. ०.७५ टक्क्याला संपूर्ण चेन १० मिमीने लांब झालेली असते, १ टक्क्याला एका सबंध कडीहून जास्त. जुनी उतरवलेली चेन आणि तेवढ्याच कड्यांची नवी चेन एकाच खिळ्याला शेजारीशेजारी टांगून बघा. खालच्या टोकाला जो फरक दिसतो त्याच्यासमोर कुठल्याही युक्तिवादाची गरज उरत नाही.

सायकलवरच मोजायचं असेल तर स्टीलची मोजपट्टी पुरते, प्लास्टिकची नको. पेडलवर हात दाबून चेनचा वरचा भाग ताठ करायचा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या कडेला लावायचा आणि २४ कड्या मोजून त्याच बाजूच्या पिनेची तीच कड वाचायची. नवी चेन ३०४.८ मिमी दाखवते. ३०६.३ आलं तर अर्धा टक्का झीज. ३०७.१ आलं तर पाऊण टक्का, आणि आठ स्पीडपर्यंतच्या सायकलला चेन बदलायची वेळ हीच. ३०७.८ च्या पुढे गेलं तर मागच्या चकत्यांनाही खर्च येणार असं समजूनच चला.

ज्यांना पट्टी वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी पार्क टूलचं सीसी-३.२ हे गेज आहे. एका बाजूला ०.५, दुसऱ्या बाजूला ०.७५, टोक आत पडलं तर झीज तेवढी झाली. पाच सेकंदांचं काम आणि गळ्यात अडकवून ठेवावं इतकं सोपं. पण त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ते दोन रोलरना (पिनेभोवती फिरणाऱ्या, दात्यांवर टेकणाऱ्या गोल नळ्यांना) विरुद्ध दिशांना ढकलून मोजतं, म्हणून रोलरच्या आतला ढिलेपणाही झिजेत धरला जातो. रोलरमधला हा ढिलेपणा सटकण्याचं कारण नसतो. परिणामी गेज झीज थोडी जास्तच दाखवतं आणि चेन काहीशी लवकर बदलली जाते. चूक सुरक्षित बाजूची आहे, पैसे मात्र जातात. शिमानोचं टीएल-सीएन४२ आणि पार्कचंच सीसी-४ तीन ठिकाणी टेकतात आणि रोलर एकाच बाजूला ढकलतात, म्हणून त्यांचं माप खरं. एकच गेज घ्यायचं तर सीसी-४ घ्यावं. नाहीतर पट्टी, जी दोघांपेक्षा स्वस्त आणि वाचता आली तर तितकीच अचूक.

चकती झिजली हे ओळखायला मात्र पट्टी उपयोगी नाही, तिथे बारकाईने बघावं लागतं. चकत्या रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या आणि उजेडात एक दाता न्याहाळा. नव्या चकतीत दोन दात्यांमधली खाच सारख्या यूसारखी असते. झिजलेल्या चकतीत ज्या बाजूला रोलर दाबतो ती भिंत पोखरली जाते, खाच लांबुळकी होते आणि दात्याचं टोक आकड्यासारखं वळतं. दात्याच्या कडेवर नख फिरवलं तर दाबून बाहेर आलेल्या धातूची बारीक धार लागते. एक खबरदारी: शिमानोच्या हायपरग्लाइड चकत्यांवर काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरके कापलेले असतात, गिअर सहज पडावा म्हणून. त्यांना झिजलेले समजून चांगला कॅसेट (नव्या धाटणीच्या हबवर सरकवून बसवलेला चकत्यांचा गठ्ठा) भंगारात काढू नका. शेजारचे उंच दाते बघून निर्णय घ्या.

नवी चेन झिजलेल्या चकतीवर का उडते? जुनी चेन आणि जुनी चकती एकमेकींबरोबर झिजलेली असतात. चेन लांब झाली, तशी खाचही लांब झाली, म्हणून त्यांचं कसंबसं जुळतं. नवी चेन बरोब्बर १२.७ मिमीची. मागच्या चकतीवर चेन खालून आत येते, तिथे तिला डिरेलरच्या स्प्रिंगएवढाच ताण असतो. येणारा रोलर आकडा झालेल्या टोकाला अडतो, आणि त्याला ओढून खाचेत बसवण्याएवढी ताकद त्या स्प्रिंगमध्ये नसते. असे दोन-तीन रोलर टोकावरच राहिले की पायाचा सगळा भार वरच्या एक-दोन दात्यांवर येतो, आणि चेन टोकावरून उडते. चेनची जात बदलून यात काहीही फरक पडत नाही. एचजी७१ असो की तिच्या दुप्पट किमतीची, परिणाम तोच.

म्हणून झीज ०.७५ च्या आत असताना चेन बदलली तर एचजी७१ एकटी पुरते. पुढे गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हील किंवा कॅसेटचाही हिशेब धरायचा. आठ स्पीडच्या हबला शिमानोचा सीएस-एचजी५० कॅसेट हा साधा आणि टिकाऊ पर्याय आहे. तो धरून ठेवणारी लॉकरिंग सुमारे ४० न्यूटन-मीटरला आवळायची, म्हणजे लांब दांड्याच्या पान्याने चांगला जोर लावून. सहा आणि सात स्पीडच्या स्क्रूच्या हबला एमएफ-टीझेड५०० हे १४-२८ दातांचं फ्रीव्हील सहज मिळतं. कामाचं आहे, पण १४ ची सर्वात लहान चकती रोड सायकलवर जोरात चालवणाऱ्याला थोडी कमी पडते. सात स्पीडमध्ये एमएफ-एचजी३७ हे १३-२८ मिळालं तर तेच घ्यावं, वरचा एक दाता उतारावर चांगला जाणवतो आणि मुलाम्यामुळे गंजही कमी चढतो.

फ्रीव्हील बदलायला स्वतःच जाणार असाल तर हत्यार आधी नीट ओळखा. शिमानोच्या फ्रीव्हीलला १२ खाचांचा पुलर लागतो, जुन्या सनटूरला दोन किंवा चार खाचांचा. दोन खाचांचा पुलर हमखास घसरतो आणि खाचा कापून काढतो, मग फ्रीव्हील फोडल्याशिवाय निघत नाही. पुलर बसवल्यावर ॲक्सलच्या नटाने किंवा क्विक रिलीजने तो दाबून धरा, चाक आडवं करून पुलर बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडा आणि रिम स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. पहिला 'कट्' आवाज आला की थांबा, नट ढिला करा, मगच पुढे फिरवा. नाहीतर सुटणारं फ्रीव्हील नटावर दाब देतं. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा, हातानेच तीन-चार वेढे नीट जाऊ द्या. आवळायला पाना नको, पेडल मारल्यावर ते स्वतःच घट्ट बसतं. आटे मात्र तपासून घ्या. भारतात दिसणाऱ्या बहुतेक हबचे आटे १.३७ इंच आणि इंचाला २४ असतात, पण जुन्या फ्रेंच सायकलींचे ३४.७ मिमीचे. तिथे इंग्रजी फ्रीव्हील जोराने घातलं तर हब गेला.

हायपरग्लाइडच्या आधीचा, युनिग्लाइड कॅसेट असलेला हब हाती आला तर एक छान सोय आहे. त्यात लॉकरिंग नसते, सर्वात लहान चकतीच स्क्रूने बाकीच्यांना धरून ठेवते. दातांचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे इतर चकत्या काढून उलट्या बसवता येतात, आणि न झिजलेली बाजू कामाला येते. अशा जुन्या चकत्या आता मिळत नाहीत, त्यामुळे उलटवण्याआधी फेकू नका.

एचजी७१ बसवताना बहुतेक चुका लांबीत आणि जोडात होतात. जुनी चेन बरोबर लांबीची होती याची खात्री असेल तर कड्या मोजून तेवढ्याच ठेवा. मिमीने मोजू नका, जुनी लांब झालेली असते. खात्री नसेल तर चेन डिरेलरमधून न घालता सर्वात मोठ्या चेनव्हीलवरून आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवरून घ्या, जिथे टोकं भेटतील त्यापुढे दोन कड्या, म्हणजे एक इंच, जास्त ठेवा. पुढे ५२/४२ आणि मागे १४-२८ दातांच्या सायकलला सहसा १०६ ते ११० कड्या पुरतात. चेन फार लांब राहिली की लहान चेनव्हीलवर डिरेलर सैल पडतो, चकतीभोवतीचा वेढा कमी होतो आणि खड्ड्यात चेन उडते. हेही 'सटकणं'च वाटतं.

जास्तीच्या कड्या तोडताना आतल्या पट्टीच्या टोकाकडून तोडा. चेनच्या दुसऱ्या टोकाच्या बाहेरच्या पट्ट्यांना कारखान्यातली अखंड भोकं असतात, जोडपिन तिथेच गेली पाहिजे. जुनीच पिन परत दाबून जोडणं हे गावोगावच्या दुकानात सर्रास चालतं, पण ज्या पिनेने एकदा भोक सोडलं तिची पकड गेली. चढावर चेन तुटते ती बहुधा अशाच जोडावर. खोक्यातली काळी पिन वापरा, दोन्ही बाजूंना सारखी बाहेर येईपर्यंत दाबा, पुढचं निमुळतं टोक पकडीने मोडून टाका आणि मग तो सांधा आडवा हलवून मोकळा करा. हे शेवटचं पाऊल राहिलं की नव्याकोऱ्या चेनमध्ये पहिल्या दिवसापासून एक आखडलेली कडी. 'नवी चेनही सटकते' या तक्रारींतल्या कित्येक इथे सुरू होतात.

याच कारणाने केएमसीची एक्स८ अनेकांना जास्त आवडते. तिच्याबरोबर क्विक लिंक येते, हत्याराशिवाय जोडता येते आणि धुवायला काढताही येते. चालताना दोघींमध्ये फरक फार थोडा आहे. एचजी७१ शिमानोच्या चकत्यांवर किंचित शांत, केएमसी देखभालीला सोपी. पिन बसवायचा सराव नसेल तर केएमसी घ्या, किंवा एचजी७१ घेऊन शिमानोचीच ६/७/८ स्पीडची क्विक लिंक वेगळी घ्या. दोन्ही ठिकाणी माप जुळवा. नऊ स्पीडची लिंक आठ स्पीडच्या चेनवर बसत नाही.

आता डिरेलर. जुन्या रोड सायकलवर खालच्या नळीला गिअरचे जे लिव्हर असतात, ते बऱ्याचदा घर्षणावर चालणारे असतात, 'क्लिक' नसलेले. लिव्हर ढिला झाला की उभं राहून जोर दिल्यावर फ्रेम किंचित लवते, वायर सैल पडते आणि गिअर एका चकतीने खाली पडतो. हे हुबेहूब चेन सटकल्यासारखं वाटतं. उपाय लिव्हरच्या मध्यावरच्या डी आकाराच्या कडीचा स्क्रू पाव वळसा आवळण्याचा, तोही चालवता चालवता हाताने करता येतो. आवळूनही लिव्हर मागे सरकतो, तर आतल्या वॉशरना तेल लागलं आहे. खोलून पुसून कोरडे करा. क्लिकच्या लिव्हरवर मात्र डिरेलरच्या मागचा बॅरल, म्हणजे वायरचा ताण बदलणारी छोटी फिरती नळी, अर्धा वळसा फिरवत जा. मोठ्या चकतीकडे जायला चेन आळस करत असेल तर बॅरल बाहेर, म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने. लहान चकतीकडे अडत असेल तर आत. चार वळशांनंतरही एक बाजू जुळली की दुसरी बिघडत असेल, तर डिरेलर ज्या कानाला अडकवलेला असतो तो वाकला आहे. सायकल उजव्या बाजूला एकदा पडली तरी पुरतं. जुन्या स्टील फ्रेमचा कान मिस्त्री योग्य हत्याराने सरळ करू शकतो. तिथे नवी चेन टाकणं म्हणजे चुकीच्या दुखण्यावर औषध.

तेलाबद्दल थोडं, कारण एचजी७१ किती टिकेल हे त्यावरच ठरतं. नव्या चेनला कारखान्याचं ग्रीस असतं, ते रोलरच्या आतपर्यंत पोहोचलेलं असतं. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, पण रॉकेलमध्ये बुडवून ते काढू नका. पुढे तेल द्यायची वेळ आली की प्रत्येक रोलरला आतल्या बाजूने एक थेंब, पेडल उलटं फिरवून दोन मिनिटं मुरू द्या, मग बाहेरचं सगळं पुसून टाका. गॅरेजमधलं इंजिनाचं काळं तेल कधीही नको, त्यात धातूचा चुरा असतो. महाबळेश्वरपासून खाली कोकणापर्यंतची तांबडी माती ओल्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. त्या भागात पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन पुसणं हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे. आणि ज्या ठिकाणी एचजी७१ चा मुलामा नाही, त्या आतल्या पट्ट्यांवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. मुलामा आहे म्हणून चेन ओली ठेवून चालत नाही.

खरेदीचा सल्ला एवढाच. झीज पाऊण टक्क्याच्या आत आणि दाते बरे, तर एचजी७१ डोळे झाकून घ्या, पाच स्पीडच्या सायकललाही. एखाद-दुसरी चकती संपली असेल तर चेन आणि फ्रीव्हील एकाच दिवशी बदला. जुन्या चेनबरोबर नवं फ्रीव्हील टाकणं सगळ्यात वाईट, लांब झालेली चेन नव्या दात्यांनाही आपल्या मापात कुरतडते. कड्या आखडलेल्या, लिव्हर ढिला किंवा कुत्रे गेलेले असतील तर आज चेनचे पैसे वाचवा.

नवी चेन चढवून झाली की घराजवळच्या एखाद्या छोट्या चढावर, गाड्या नसतील तेव्हा, आधी बसूनच तपासा. मागे १४ ची चकती, पुढे मोठं चेनव्हील, वेग कमी, आणि जोर हळूहळू वाढवत न्या. मग १५, १६, १७, एकेक करून. प्रत्येक चकतीवर निदान दहा पेडल. सगळ्या गेल्या की मग उभं राहून. सुरुवातीलाच पेडलवर उभं राहून जोर दिला आणि चेन उडाली तर गुडघा थेट हँडलबारवर आपटतो.